ओदीलचा बुधवारचा वर्ग

लुइझियानाच्या त्या खाडीकाठच्या गावात ओदील गिद्रीच्या तोंडी लागायला फादरसुद्धा कचरत. दर बुधवारी चर्चच्या शाळेत ती मुलांना जिवाचं मोल शिकवी. बरोबर एक डबा असे, त्यात पोटातल्या गर्भाएवढी प्लास्टिकची इवलीइवली बाळं: आठ आठवड्यांचं, बारा आठवड्यांचं, वीस. गेल्या बुधवारी एका आगाऊ पोरीने विचारलं होतं, "आणि खुनी माणसाचा जीव?"

"त्याचाही," ओदील फाडकन म्हणाली होती. "देवाच्या हिशेबात वजाबाकी नसते."

बोलायला काय जातं!

या बुधवारी दुपारी ती गंबोच्या रश्श्यासाठी बिडाच्या तव्यात तेल-पीठ परतत उभी होती. तिची धर्मकन्या सेली टेबलाशी बसून वर्गासाठी बाळं पुसून डब्यात ठेवत होती. सेलीला सातवा महिना होता. नवऱ्याने, ड्वेनने, तिचे दात पाडले तेव्हा ओदीलनेच तिला उचलून घरी आणलं होतं. "पोर माझ्याच घरात जन्मेल, बघते कोण आडवं येतं ते," असं गावभर सांगितलंही होतं.

ड्वेन आडवा आला. पुढच्या दाराला लाथ घालून आत घुसला आणि सेलीचे केस धरून तिला टेबलावर आपटलं. "माझं पोर पळवतेस?" ओदील मध्ये पडली, तर तिच्या गालफडावर ठोसा बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. मग त्याने खाली कोसळलेल्या सेलीच्या पोटात बुटाची लाथ घातली. डब्यातली बाळं फरशीभर विखुरली.

ओदीलने विचारबिचार केला नाही. तवा दोन्ही हातांनी उचलला आणि उकळत्या तेलासकट त्याच्या कानशिलात हाणला. तो गुरासारखा ओरडत मागे गेला आणि अंगणाकडच्या काचेच्या दारावर आदळला. दार फुटलं. तो उंबऱ्यावर पडला तेव्हा काचेचा लांब तुकडा त्याच्या काखेजवळ रुतला होता. मूर्खाने तो उपसला. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत उडाली.

"मर!" ओदील ओरडली. "मर, डुकरा!"

आणि असं म्हणता म्हणताच ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. एप्रनचा बोळा तिने जखमेत कोंबला आणि दोन्ही तळवे त्यावर रोवले. का, ते तिला सांगता आलं नसतं. रक्त थांबलं. हात जरा सैल केला की पुन्हा उसळे.

सेलीने फोन केला. अँब्युलन्स पुलापलीकडून यायची होती, आणि कोळंबीच्या होड्या जाव्यात म्हणून पूल वर उचललेला होता.

"सोड त्याला, नॅनन," सेली भिंतीला टेकून म्हणाली. धर्ममातेला ती लहानपणापासून नॅननच म्हणे. "जगला तर तो मला मारेल. तुला माहितेय."

"माहितेय."

"मग?"

ओदीलने बोळा आणखी घट्ट दाबला. वर्गात उत्तरं कशी पटापट सुचायची! ड्वेनचे ओठ पांढरे पडले होते. तो 'आई, आई' पुटपुटत होता.

"गप पड, मुडद्या," ती त्याला म्हणाली. "मेलास तर बघ, जिवंत सोडणार नाही."

मग सेलीचा आवाज बदलला. "नॅनन, हलत नाहीये गं. लाथ बसल्यापासून हललंच नाही. तुझा हात ठेव ना."

गावातल्या निम्म्या बायकांची पोटं सुईण म्हणून त्या हातांनी चाचपलेली होती. ओदीलने हातांकडे पाहिलं. नुसते उचलायचे. तिला ते हवं होतं, देवाशप्पथ हवं होतं. हा मेला असता तर तिला रडूही आलं नसतं.

"इकडे ये, पोरी."

"त्याच्याजवळ? नाही."

"माझ्याजवळ ये. माझे हात गुंतलेत. पोट माझ्या गालाला लाव."

सेली रांगत आली, काचांवरून, त्या इवल्या बाळांवरून, नवऱ्याच्या रक्तातून. गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिने पोट ओदीलच्या सुजलेल्या गालाला टेकवलं. ओदीलने डोळे मिटले. तळव्यांखाली ड्वेनची नाडी मंद चालली होती. गालाला काहीच लागत नव्हतं. दहा श्वास गेले. वीस गेले.

"नॅनन?"

"थांब. बोलू नकोस."

आणि बरोबर त्या मोडक्या हाडावर आतून एक लाथ बसली. ओदील वेदनेने किंचाळली, पण हात तिने उचलले नाहीत.