साहेबांचं अखंड घोरण

आमच्या नळांच्या कारखान्यात टायपिस्ट मी एकटाच. त्यामुळे माझ्यावरची 'कारणे दाखवा' नोटीसही मलाच टाइप करावी लागली. स्वतःच्या नावापुढे 'गैरवर्तन'ही मीच लिहिलं.

आरोप असा, की वार्षिक परिपत्रकात मी 'धोरण'च्या जागी 'घोरण' टाइप केलं. 'माननीय साहेबांच्या घोरणामुळे कारखान्यात शांतता नांदत असून हे घोरण यापुढेही अखंड चालू राहील.' परिपत्रक सगळ्या फलकांवर लागलं. साहेब दिसले की कामगार चवड्यांवर चालायला लागले, साहेबांची झोपमोड नको म्हणून.

उत्तराला तीन दिवस होते. खरं कारण सांगायची सोय नव्हती. वर्षभर मला जवळचं धड दिसत नाही. तसं लिहावं, तर टायपिस्ट म्हणून निकामी, घरी बसा. दिसतं म्हणावं, तर मुद्दाम टिंगल केली, घरी बसा. मी पार घाबरून गेलो होतो.

"चष्मा घ्या म्हणून कानीकपाळी ओरडत होते," बायको म्हणाली. "म्हातारा दिसेन, म्हणे! आता बेकार दिसा. साहेबांच्या हातचा मसुदा असेल ना? तो काढा. त्यांनीच चुकीचं लिहिलं असेल."

मसुदा काढला. मला त्यात घोरणच दिसलं. बायकोने तिचा चष्मा चढवला.

"स्पष्ट धोरण आहे हो," ती म्हणाली.

चौकशीला साहेब होते आणि कार्मिक विभागाच्या बाई. दुसरं काही सुचेना, म्हणून मी मसुदाच पुढे केला. "साहेब, तुम्हीच वाचा."

साहेबांनी कागद नाकाशी धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. "च्यायला! घोरणच आहे की हे!"

बाईंनी डोकावलं. "नाही साहेब, इथे चक्क ध..."

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्हालाही दिसत नाही?"

"नाही साहेब. वर्ष झालं."

"मला दोन. वरच्यांना कळलं तर माझ्या जागी तरणाताठा माणूस आणून बसवतील." ते घाम पुसत होते. मला त्यांची चक्क दया आली. "मग कारण काय लिहायचं?"

"अक्षरसाधर्म्य," मी म्हणालो. इतकी वर्षं सरकारी वळणाचं टायपिंग केलं, ते कुठेतरी उपयोगी पडायला हवंच.

"वा! झकास! लिहा."

आरोप मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. खाली सहीच्या दोन जागा. साहेबांनी ऐटीत एका ठिकाणी सही ठोकली, दुसऱ्या ठिकाणी मी केली. हात मिळवले. नोकरी वाचली म्हणून मी घरापर्यंत शीळ घालत आलो.

बायकोने पत्र हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अहो, सह्या उलट्या झाल्यात," ती म्हणाली. "यात तुम्ही साहेबांना माफ केलंय."