मातृभाषेतून समुपदेशन

जर्मनीत गर्भपात बेकायदा आहे. पण आधी समुपदेशनाचा दाखला घेतला आणि तीन दिवस थांबलं, तर सुरुवातीच्या आठवड्यांत शिक्षा होत नाही. सगळं गुप्त राहतं, म्हणून एर्लांगेनला पीएचडी करणारी ऊर्मिला निर्धास्त होती. एरवी तिथल्या मराठी मंडळात काही कळलं, की नाशिकला आईला कळलंच.

तिने इंग्रजीचा दुभाषी मागितला होता. समुपदेशन केंद्राने हौसेने थेट मराठीचा शोधला.

दारातून सुरेखाकाकू आत आल्या. दर गणपतीत मंडळातल्या पोरींना मोदकाच्या पाकळ्या पाडायला शिकवणाऱ्या.

समुपदेशक बाई: जर्मनमध्ये, बराच वेळ.

काकू: "निर्णय तुझाच आहे, म्हणतायत. कारण नाही सांगितलंस तरी चालेल."

ऊर्मिला: "काकू, मंडळात..."

काकू: "हे पण भाषांतर करू का?"

दाखला मिळाला. बाहेर बसस्टॉपवर काकू म्हणाल्या, "गुप्ततेची सही केलीय मी. आपली ओळखच नाही, समजलं?"

गणपतीत काकूंनी सही तंतोतंत पाळली. सलग तिसऱ्या वर्षी मोदकांना बसलेल्या ऊर्मिलेला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "नवीन आलीस का गं? नाव काय तुझं?"

स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली. आरतीपर्यंत बातमी नाशिकला पोचली.

"काय गं," आईचा फोन आला, "एवढ्या चांगल्या बाईशी भांडलीस म्हणे? ओळखसुद्धा दाखवत नाहीत तुला!"

ऊर्मिलेने मोठा श्वास सोडला.

"हो गं आई. खूप भांडलो आम्ही."