चंद्राचे चार महिने

दाराच्या अगदी वरच्या कोपऱ्यात अभयने दुसरी कडी बसवली. स्क्रू पिळून होईपर्यंत त्याने एकदाही मागे पाहिले नाही. मागे सोफ्यावर त्याची आई, गोदाबाई, ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती. डाळ दुकानातून निवडूनच आली होती, तरी ती निवडत होती.

"लई उंच लावली रे," ती म्हणाली.

"हो."

"माहा हात पुरत नाई तिथवर."

अभयने कडी सरकवून पाहिली. कडी घट्ट बसली. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि हात धुवायला आत गेला. नळाच्या धारेखाली त्याने हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरले.

आई घरातून निघून जाई. रोज नव्हे. एरवी ती शहाण्यासारखी वागे, भाजीवाल्याशी घासाघीस करी, सुनेच्या आमटीत गूळ जास्त झाला तर तेही सांगे. पण महिन्याकाठी एक संध्याकाळ अशी येई की दिवे लागायच्या वेळी ती चपला घालून, पिशवी घेऊन, कोणाला न सांगता बाहेर पडे. पहिल्यांदा ती कात्रजच्या तळ्याकाठी सापडली. मग चौकात. शेवटच्या वेळी हायवेवर, घाटातून उतरणाऱ्या ट्रकच्या उजेडात, दुभाजकापाशी उभी. हॉर्न वाजत होते आणि ती मात्र डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

कुठे निघाली होतीस, असे विचारले की एकच उत्तर.

"गावाला."

गाव वाशीमकडचे, रात्रभराच्या वाटेवर. तिथल्या घराला कुलूप होते. या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आई पुढे आली होती आणि वडील, बापूराव, मागून येणार होते. ते आलेच नाहीत. त्याच आठवड्यात त्या घरात ते एकटे असतानाच वारले. आता गावात उरली होती ती आईची पाठची बहीण, यमुनाबाई. तीही एकटी, पायाने अधू.

डॉक्टरांनी सांगितले होते, ही विसरण्याची सुरुवात आहे; संध्याकाळी अशी माणसे उठून चालायला लागतात. अभयची बायको रुपाली अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहून आली होती. स्वच्छ होती. फाटक बंद असे. आणखी एकदा जरी आई अशी गेली तरी तिथे ठेवायचे, असे नवरा-बायकोचे ठरले होते. ठरवताना दोघांनीही आवाज खाली ठेवला होता.

खालच्या मजल्यावरच्या रंगरावांना मात्र डॉक्टरांची गरज वाटली नव्हती. पहिल्या वेळी तेच आईला रिक्षातून घेऊन आले होते.

"अहो अभयराव, उद्या अमावस्या. घरात म्हातारं माणूस असलं की बघावं जरा पंचांगात. की तुमच्या संस्थेत चंद्र वेगळा असतो?"

अभय संशोधन संस्थेत चंद्राच्याच गतीची गणिते करी. त्याला राग आला होता. पण माणसाला जे हत्यार चालवता येते तेच तो उचलतो. त्याने आईच्या त्या संध्याकाळी मांडून पाहिल्या. रंगराव चुकत होते. दुसऱ्या खेपेला त्रयोदशीही लागली नव्हती. मग एकादशीच्या अलीकडे, मग आणखी अलीकडे. अमावस्या जागेवर राहत होती आणि आईची संध्याकाळ तिच्यापासून मागे मागे सरकत होती.

एका रात्री जेवताना त्याने रुपालीला ते सांगितले.

"चंद्राचा महिना एकच नसतो. कुठून मोजता त्यावर आहे. सूर्याशी पुन्हा गाठ पडेपर्यंत मोजलं तर अमावस्या ते अमावस्या. एखाद्या ताऱ्यापाशी परत येईपर्यंत मोजलं तर दोन दिवस कमी."

"बरं."

"ग्रहणं जिथे होतात, राहू-केतूचा बिंदू, तिथवर मोजलं तर त्याहून जरासा कमी. आणि चौथा म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तिथपासून पुन्हा तिथपर्यंत. साडेसत्तावीस दिवसांचा."

"आणि आपल्या आईंचा यातला कुठला?"

त्याने घास ताटात तसाच ठेवला.

"चौथा."

रुपाली हसली नाही. तिने फक्त भाताचे भांडे त्याच्याकडे सरकवले. "रंगरावांना सांगू नकोस. उदबत्त्या घेऊन येतील."

पण त्या दिवसापासून अभयला खिडकीतला चंद्र पूर्वीसारखा दिसेना. इतकी वर्षे तो त्याच्यासाठी एक आकडा होता. आता तो येत होता. जवळ येत होता. समुद्र ओढणारी ती ओढ एका म्हाताऱ्या बाईच्या रक्तात शिरते, हे त्याला पटत नव्हते, आणि गणित तर जुळत होते. एखादा दिवस इकडे, एखादा तिकडे. या खेपेला तर चंद्र सर्वांत जवळ येणार होता तो ऐन पौर्णिमेला. टीव्हीवाले त्याला महाचंद्र म्हणून ओरडत होते. म्हणून ही वरची कडी.

त्या संध्याकाळी अभय दाराशी खुर्ची टाकून बसला. डोंगराच्या कडेवरून चंद्र वर आला. मोठा, तांबूस, उतू जायच्या बेतात असलेल्या दुधासारखा. खालच्या गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग एकदम गप्प झाली. अभयने आईच्या खोलीकडे कान लावला.

आतून ओवी आली. रोजचीच. दोघी बहिणी दिवे लागले की फोनवर बोलत. जात्यावर बसल्यासारख्या, एकीने एक ओळ म्हणायची, दुसरीने ती पुरी करायची. जाते कधीचे गेले, पण लहानपणची ती रीत राहिली होती.

"मावळत्या चंद्रा, जरा थांब उंबऱ्याशी," आई म्हणाली.

स्पीकरवरून, खरखरीतून, यमुनामावशीचा आवाज आला, "निरोप माहा सांग, माह्या पाठीच्या बहिणीशी."

"दम लागून राह्यला का वं तुले?"

"नाई वं. जिना चढली जराशी."

"तुह्या घराले जिना हाय का कुठं?"

दोघी हसल्या. मग आई बाहेर आली, भाकरीला पीठ घेतले. दाराकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अभयला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण मनात कुठेतरी बोचत राहिले. जुळलेले गणित फसले होते. रविवारी दुपारी त्याने वरची कडी काढून ठेवली.

"एवढं रीसर्च वाया गेलं म्हणायचं," रुपाली म्हणाली.

"जाऊ दे की."

"भोकं मात्र राहिली दाराला."

त्याच संध्याकाळी तो हॉलमध्ये इस्त्री करत होता. आईच्या खोलीत दिवा लागला. फोनची बटणे वाजली. मग ओवीच्या जागी एका बाईचा गोड, कोरा आवाज आला. प्लॅनची वैधता संपली असल्याने आपला कॉल जोडता येत नाही. बटणे पुन्हा वाजली. तोच आवाज. पुन्हा. मग काहीच नाही.

अभयची इस्त्री थांबली.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती. चेहरा पुसून टाकल्यासारखा. ती त्याच्या अंगावरून गेली, चपलांत पाय सारले, खालची कडी उघडली.

"आई, कुठे?"

"गावाला."

"कशाला?"

ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली,

"यमुनाचा फोन लागून नाई राह्यला. मंधात ते बाई बोलते."

"अगं, ती बाई..." तो म्हणाला, आणि थांबला.

सकाळी मोबाइल कंपनीचा निरोप आला होता. आईचा रिचार्ज संपला. 'संध्याकाळी करू' म्हणून त्याने तो अंगठ्याने बाजूला सारला होता. दर वेळी असेच सारत असे. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर विजेचे बिल, आईचा फोन, राहिलेले सगळे तो एकदम उरकी. आईला शोधून आणल्याच्या रात्रीही तो विसरला नव्हता. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. चंद्राच्या चौथ्या महिन्याला अगदी खेटून चालणारा, आणि दर खेपेला त्याच्याहून थोडासा मागे पडणारा. त्याने चारही महिने तपासले होते. हा पाचवा त्याच्या खिशात होता.

"मग मला सांगायचंस ना, आई. एवढंच होतं तर..."

आई वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तवा सांगतलं होतं ना. तुह्या बाबाचा फोन नाई लागला तवा. वास्तुशांतीचे पाहुणे होते घरात. तू म्हटलं, रेंज नसन. उद्या लागन."

इस्त्रीखालच्या कापडाचा वास आला. रुपालीने येऊन बटण बंद केले आणि ती तिथेच उभी राहिली.

अभयने खिशातून फोन काढला. रिचार्ज व्हायला मिनिटसुद्धा लागले नाही.

"लाव आता," तो म्हणाला. "लागेल."

आईने पिशवी खाली न ठेवताच फोन लावला. या वेळी मध्ये कोणती बाई बोलली नाही. तिकडे घंटी वाजू लागली. अभयने श्वास सोडला. रुपालीच्या ओठांवर हसू येऊ घातले.

घंटी वाजत राहिली. मग आपोआप बंद झाली.

आईने पुन्हा लावला. घंटी वाजली, वाजली आणि थांबली. फोन तसाच हातात धरून तिने अभयकडे पाहिले. कुठल्याही चंद्राला त्याने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

रेंज असेल तिकडे, पण मावशी शेजारी गेली असेल. फोन उशीखाली राहिला असेल. झोप लागली असेल. सगळी वाक्ये अगदी तयार होती. शेवटचा तो 'उद्या'सुद्धा. तो त्याच्या जिभेवर आला आणि तिथेच थांबला.

त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

"उद्या तुझं प्रेझेंटेशन..." रुपाली म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून पाण्याची बाटली भरायला आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात आईची शाल होती.

येरवडा मागे पडला, नगर रस्त्याची गर्दी विरळ होत गेली, आणि समोर, रस्त्याच्या टोकाशी, दोन दिवसांनी झिजलेला चंद्र वर आला. अभयने त्याच्याकडे पाहिले नाही. शेजारी आईने पुन्हा फोन लावला आणि मांडीवर ठेवला. घंटी गाडीभर वाजू लागली.

"मावळत्या चंद्रा, जरा थांब उंबऱ्याशी," आई त्या घंटीलाच म्हणाली, आणि पुढच्या ओळीसाठी जागा सोडून थांबली.

अभयने गाडीचा वेग वाढवला.