शेवटची पुडी

"उकळी फुटली की पहिली पुडी टाक. दहा मिनिटं उरली की दुसरी. गॅस बंद केलास की तिसरी. पुड्यांवर लिहिलंय सगळं," असं सांगून सदाशिवराव कारखान्याच्या जीपमध्ये बसले. मालकांनी, म्हणजे शेठनी, तातडीनं बोलावलं होतं.

१९८८ सालचा रविवार होता तो. सिल्वासातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात जवाचं गोड पाणी तापत होतं आणि समोर मी उभा.

सदाशिवराव आमच्या बिअर कारखान्यात बिअर बनवणाऱ्यांचे मुख्य. मी नंदुरबारकडचा, थंड खोलीत हॉपची खोकी उचलणारा. हॉप म्हणजे एका वेलीची वाळवलेली हिरवी फुलं. बिअरला कडूपणा त्यांच्यामुळे आणि वासही त्यांचाच. साहेबांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. पूर्वी विलायतेहून बोटीनं इकडे यायची, तसली कडू, घमघमणारी बिअर त्यांना काढायची होती. शेठ म्हणाले होते, "पहले घर पे बनाके दिखाओ. जमली तर तीन वर्षं अजून थांबा."

सकाळी साहेबांनी तीन जातींची फुलं तळहातावर चोळून नाकाशी धरली. ही कडू, आधी उकळायची. ही संत्र्याच्या सालीसारखी. ही सुरंगी गावच्या जंगलात ओलं लाकूड फोडल्यासारखी.

"नुसतं संत्रं पोरकट लागतं रे भगवंता. त्याला खाली लाकूड हवं. घे, बघ."

"मले तं सगळं सारखंच वाटतं, साहेब. अकरा वरीस त्याच वासात हाये मी."

ते हसले. "म्हणून नाक माझं आणि हात तुझे."

पुड्या त्यांनी ओट्यावर डावीकडून उजवीकडे मांडल्या. मी ती जागाच लक्षात ठेवली. मला वाचता येत नव्हतं. अकरा वर्षं खोक्यांवरच्या पट्टीच्या रंगावर मी काम निभावलं होतं आणि कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी दारात जीपला वाट करून देऊन परत आलो, तर साहेबांच्या पत्नी नलिनीबाई ओटा पुसत होत्या. तिन्ही पुड्या एकावर एक रचलेल्या.

"पाणी सांडलं होतं, म्हणून उचलल्या. नावं घातलीत ना त्यांवर?"

बाई शाळेत शिकवायच्या. 'एवढं वाचून द्या' म्हटलं असतं, तर त्यांनी दिलं असतं.

"हो, घातलीत," मी म्हणालो.

उकळी फुटली. मी वरची पुडी सोडली. तिच्या कागदावर सायकलची जाहिरात होती. मग मधली. शेवटी खालची.

तीन आठवड्यांनी साहेबांनी बाटली उघडली. एक घोट घेतला, पेला नाकाशी नेला, पुन्हा नेला. कडूपणा नव्हता. संत्रं नव्हतं. ओल्या गवतासारखं काहीतरी होतं.

"लिहिल्याप्रमाणेच टाकल्यास ना?"

"हो साहेब."

त्यांनी पेला खाली ठेवला. "मग फुलं निवडण्यातच चुकलो. नाक गेलं माझं."

"अजून एकदा करून बघू ना, साहेब."

"कशाच्या जोरावर करायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना नाही म्हणून कळवलं.

चार वर्षांनी सिल्वासाजवळ सामरवरणीला प्रौढांचा वर्ग निघाला. शिकवायला नलिनीबाईच होत्या. मी गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, पाटी पुढे केली. जोडाक्षरं येऊ लागली, तशी मी घरी पत्र्याची पेटी उघडली. ते तीन कागद मी टाकले नव्हते. सायकलच्या जाहिरातीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'शेवटी, गॅस बंद केल्यावर'.

कागद खिशात घालून मी साहेबांकडे गेलो. ते एकटेच होते, चहा ठेवत होते.

"बरा आलास. बाई शाळेत गेल्यात. जरा हे बघ." त्यांनी दुधाचं भांडं माझ्यापुढे धरलं. "नासलंय का सांग. माझ्या नाकाचं काही खरं नाही."

मी भांडं नाकाशी नेलं. दूध चांगलं होतं. खिशातले कागद छातीला टोचत होते.

"चांगलं हाये, साहेब."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी ते निर्धास्तपणे चहात ओतलं आणि पहिला कप मला दिला.