विलायतेचे ठसे

बापूरावांच्या जावयाने लंडनहून पार्सल पाठवले. त्यात एक लोकरीचा जाड कोट होता आणि एक व्हिडिओ कॅसेट. मे महिन्यात आमच्या भागात कोट नुसता पाहिला तरी घाम फुटतो. त्यामुळे कोट कपाटात गेला आणि कॅसेट गावाच्या वाट्याला आली.

बापूराव म्हणजे गावच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळेची जागा त्यांची, इमारत त्यांची, घंटा त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. मास्तर लोकांचे हसणेसुद्धा बऱ्याच अंशी त्यांच्याच मालकीचे. जूनमध्ये विज्ञानाच्या शिक्षकाची एक जागा भरायची होती आणि पुनमने अर्ज केला होता. भौतिकशास्त्रात बी.एस्सी., वर बी.एड. ही जागा हुकली, तर घरात स्थळांच्या गोष्टी सुरू होणार हे तिला पक्के ठाऊक होते. एक मामा तर मुलाचा फोटो खिशात घेऊनच फिरत होता.

बापूरावांनी तिच्या गुणपत्रिकेने वारा घेतला.

"मार्क तं सगळेच आनते," ते म्हणाले. "इंग्रजी समजते का, ते सांग. रविवारी जावयाची कॅसेट दाखवून राह्यलो गावाले. तू माईकवर मराठीत समजावून सांगजो. तोच तुहा इंटरव्ह्यू."

कॅसेटच्या डब्यावर विग घातलेला एक माणूस दात काढून हसत होता. खाली इंग्रजीत लिहिले होते की, यात नामवंतांची 'इम्प्रेशन्स' आहेत. मुख्याध्यापक हरिदास सरांनी शब्दकोश काढला, पहिला अर्थ वाचला आणि पुस्तक मिटले. दुसरा अर्थ वाचण्याइतका वेळ मुख्याध्यापकाला कुठून असणार? फाटकाजवळच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'विलायतेतील नामवंतांचे ठसे. सर्वांनी लाभ घ्यावा.'

"सर, ठसे नाही, नकला," पुनम म्हणाली.

"नकला म्हटलं तर तहसीलीतल्या वाटतील. सातबाराच्या," सर म्हणाले. "आणि खडू संपला."

गाव जंगलाच्या काठावर. इथे ठसा म्हटला की तो वाघाचा, नाहीतर अंगठ्याचा. रविवारी दुपारी दोन्ही पक्ष हजर झाले. वनरक्षक मुखरू ठसा उतरवायची काच आणि प्लास्टरच्या भुकटीची पिशवी घेऊन आला होता, कारण वाघांची मोजणी सुरू होती आणि गोऱ्यांची ठसे घेण्याची पद्धत त्याला पाहायची होती. बचत गटातली गिरजाबाई फळा कोणाकडून तरी वाचून घेऊन तावातावाने आली.

"काऊन वो बाई," तिने पुनमला गाठले, "इतले मोठे लोक अजून अंगठाच लावते? मंग मी कायले सही गिरवून राह्यली सहा महिन्यापासून?"

"गिरजाबाई, हे ठसे वेगळे. हे लोक दुसऱ्याची नक्कल करतात."

"मंग तं अजूनच वाईट. दुसऱ्याचा अंगठा लावते!"

सिंदेवाहीहून भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही शाळेच्या हॉलमध्ये मांडले होते. खिडक्यांना ओली पोती लावली होती. बापूराव पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर, पुढ्यात एक छोटे टेबल. आधी त्यांनी भाषण केले. बापूरावांचे भाषण ज्याने ऐकले नाही असा माणूस गावात नव्हता. प्रत्येक वाक्याआधी ते चष्मा कपाळावर ढकलत, मुद्दा छताला टांगला असल्यासारखे वर पाहत, आणि मुद्दा सापडला की टेबलावर अशी थाप मारत की स्वतःच दचकत.

कॅसेट सुरू झाली. विगवाला आला, काहीतरी बोलला, आणि टीव्हीच्या आत शेकडो माणसे खदखदून हसली. हॉलमध्ये चिडीचूप.

"हे हासनारे कुठी बसले?" मागून आवाज आला. "दिसून तं नाई राह्यले."

टीव्ही पुन्हा हसला. आपल्याला लंडनचा विनोद कळतो हे दाखवणे बापूरावांना भाग होते, म्हणून तेही हसले. त्यांच्यामागून हरिदास सर हसले आणि सरांच्या मागून बाकीचे मास्तर. पुनमला हा प्रकार फार नियमित वाटला. मूळ आवाज, मग पहिला प्रतिध्वनी, मग दुसरा, दर वेळी थोडा क्षीण. फरक एवढाच की, भिंतीला नोकरीची चिंता नसते.

"बाई, हा मानूस कोनाची नक्कल करून राह्यला?" मुखरूने विचारले.

पुनमला इंग्रजी बऱ्यापैकी कळत होते. पण विगवाला ज्याच्यासारखा बोलत होता तो माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने माईक तोंडाजवळ धरला. "खरं सांगायचं तर, माहीत ना..."

हरिदास सरांनी तिच्या खुर्चीला लाथ मारली. "'माहीत नाही' हे प्रयोगशाळेत चालते," ते दातांतून पुटपुटले. "इंटरव्ह्यूत नाही."

"...नाट्यकलेत प्रसिद्ध असलेल्या एका मंत्र्यांची," पुनमने वाक्य पुरे केले. पुढच्या विगाला तिने बातम्या वाचणारा केले, त्यापुढच्याला क्रिकेटचा कप्तान. खोटे बोलणे इतके सोपे असते हे तिला अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते.

मुखरूचे समाधान होईना. "असं कसं जमन वो? ठसा पाहून मी सांगतो, हा तलावाकडचा नर आहे, मांगचा पाय जरा वढते. काऊन? त्याले मी पाह्यलं आहे. वाघच नाई पाह्यला तं ठसा म्हंजे काय? चिखलातला खड्डा."

"अन् नक्कल म्हनता, तं ज्याची नक्कल तो मानूस पुढं काऊन नाई बसला?" गिरजाबाई म्हणाली.

हा प्रश्न रास्त होता. गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, नकल्या ज्याची नक्कल करणार, त्याला आमंत्रण देऊन पहिल्या रांगेत बसवतात. नक्कल संपली की त्यानेच उठून बक्षीस द्यायचे. तो रागावला, तर नक्कल खरी होती असे समजायचे. पुढे कोणी बसलेच नसेल, तर त्या नकलेला काय अर्थ?

तेवढ्यात पडद्यावर नवा माणूस आला. टेबलामागे बसलेला, पोट सुटलेला. त्याने चष्मा कपाळावर ढकलला. छताकडे पाहिले. मग टेबलावर थाप मारली आणि स्वतःच दचकला.

 मग मागच्या सतरंजीवरून कोणीतरी हळूच म्हणाले, "अरे, हे तं आपले..."

पुढचे नाव हसण्यात बुडाले. माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. गिरजाबाईने पदर तोंडात कोंबला. आता हॉल आधी हसत होता आणि टीव्हीतले लोक त्यानंतर. पडद्यावरचा माणूस दर वाक्याला चष्मा ढकलत होता आणि दर वेळी छप्पर उडायची पाळी येत होती. हरिदास सर तेवढे गंभीर होते. त्यांनी ओठ दाताखाली धरले होते आणि कानांपर्यंत लाल झाले होते.

बापूरावांना भरून आले. गावाला अखेर लंडनचा विनोद कळला! ते सगळ्यांत मोठ्याने हसले. मग मागे वळून म्हणाले, "पुनम, ही कोनाची नक्कल आहे? लोकाइले लयच आवडून राह्यली."

 सगळ्यांचे डोळे माईककडे. 'माहीत नाही' हे उत्तर खरे होते आणि निरुपयोगी. 'तुमची' हे निरीक्षणाला धरून होते. पण मग मामाच्या खिशातला फोटो बाहेर निघाला असता. पुनमने माईक उचलला.

"तिकडच्या एका शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत, साहेब. त्यांची."

बापूरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. छताकडे पाहिले. "असेही येडे लोक संस्था चालवते?" ते म्हणाले आणि टेबलावर थाप मारून दचकले.

यानंतर किती वेळ काय झाले ते सांगणे कठीण आहे. मुखरूच्या हातातली प्लास्टरची पिशवी फुटली आणि दोन रांगा पांढऱ्या झाल्या. पण उभा राहिला तो मुखरूच, आणि त्याचा चेहरा सागाच्या ओंडक्यासारखा कोरा होता.

"साहेब, नक्कल झकास झाली. आता रीतीनं बक्षीस पायजे. पन ज्याची नक्कल तो तं लंडनले आहे."

"तं काय झालं?" बापूराव छाती काढून म्हणाले. "त्याच्यातर्फे मी देतो! ही पोरगी जूनपासून आपल्या शाळेत. विलायतेचा विनोद गावाले समजावला तिनं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रीत अशी बिनचूक पाळली गेली आणि ती पाळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

बाहेर पडताना गिरजाबाईने पुनमचा दंड दाबला. "आता समजलं बाई. ठसा पक्का उठला होता."

जूनमध्ये शिक्षकांची पहिली सभा झाली. बापूरावांनी लोकरीच्या कोटावरून एक विनोद केला. तो विनोद आहे हे लगेच कोणाला कळले नाही. या वेळी आधी हसून वाट दाखवायला टीव्ही नव्हता. सगळे बापूरावांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते हसले. मग हरिदास सर हसले. मग बाकीचे मास्तर.

आणि सगळ्यांत शेवटी, पण अगदी स्वच्छ आवाजात, पुनम.