बिल्ला माझ्याच खिशात

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. जाड, तपकिरी आणि अंगाला जरा बोचणारा. देखणा मी कधीच नव्हतो, पण ऊब देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका शिंप्याने मला फळांच्या शीतगृहातल्या कामगारासाठी शिवलं. त्या कामगाराला मी मालक म्हणतो. बाहेर लोक घामाने निथळायचे आणि आम्ही दोघे गारठ्यात सफरचंदांच्या पेट्या रचायचो. बावीस वर्षं! या कोटामुळे माझी छाती शाबूत राहिली, असं मालक चारचौघांत सांगायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे त्यांनी काम सोडलं आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. तिथे डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पाच वर्षं घुसमटत पडलो. कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग मालकांच्या लेकीला परदेशातल्या मोठ्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला आणि ट्रंक उघडली. तिच्या आईने मला आतून एक मोठा खिसा शिवला आणि दहा वेळा बजावलं, की जे जे महत्त्वाचं ते याच खिशात ठेवायचं. लेकीने मान डोलावली, पण माझ्याकडे बघून नाक मुरडलं. मला ते फार लागलं.

परदेशातल्या पहिल्याच सकाळी वसतिगृहाच्या दारवानाने तिचं सामान ठेवून घेतलं. कचेरी तीन ते पाच उघडी असते, पाचच्या आत पासपोर्ट दाखवून किल्ली घेतली नाही तर खोली दुसऱ्याला जाते, तोवर शहर बघून ये, असं तो म्हणाला. लेक निघाली. रुंद रस्ते, दगडी पूल, नदीतल्या होड्या, काय बघू अन् काय नको असं तिला झालं होतं. मीही खुशीत होतो. तेवढ्यात एका दुकानाच्या काचेत तिला आम्ही दोघे दिसलो. माझे खांदे तिच्या खांद्यांवरून ओघळलेले, बाह्या बोटांच्या खाली. तिचा चेहरा पडला.

म्हणून वस्तुसंग्रहालयात शिरताच तिने मला घाईघाईने उतरवलं. तिथे कोट सांभाळायला एक बाई होत्या. त्यांनी आधी, कोट परत घेताना दाखवायचा पितळी बिल्ला पुढे केला. बिल्ला महत्त्वाचा, म्हणून या गुणी मुलीने तो आतल्या खिशात, पासपोर्टशेजारी ठेवला आणि मला त्यांच्या हवाली केलं. आईचं ऐकलं, ते असं!

मी ओरडणार कसा? तिसऱ्या रांगेत, दोन जाडजूड कोटांच्या मध्ये मी चेंगरून लटकत राहिलो. तीन वाजता लेक परत आली, पाकीट चाचपलं आणि पांढरीफटक पडली. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही, हा बाईंचा नियम. बिल्ला नसेल तर कोटाच्या तीन खुणा सांगायच्या, नाहीतर सहा वाजता बंद होईपर्यंत थांबायचं. लेक म्हणाली, तपकिरी आहे. बाईंनी मागे हात केला. अर्ध्या खुंट्यांवर तपकिरीच कोट होते. बटणं किती, अस्तर कोणत्या रंगाचं, बाई विचारत गेल्या आणि तिला एकही सांगता येईना. अंगावर घालून समुद्र ओलांडला, पण माझ्याकडे तिने धड बघितलंच नव्हतं. अगं, मी इथे आहे! मी नुसता तडफडत होतो.

चार वाजले. तिथल्या बाकावर ती डोळे पुसत बसली. घरी कळवायची तिला लाज वाटत होती. सव्वाचारला तिने फोन लावलाच आणि सगळं सांगून टाकलं.

मालक रागावले नाहीत. "सहा बटणं," ते म्हणाले. "वरून दुसरं काळं आणि मोठं आहे, तिथलं मूळचं पेटीच्या खिळ्याला अडकून तुटलं. अस्तर निळं. डाव्या काखेत पांढरा टाका आहे, त्या दिवशी घरात दुसरा दोरा नव्हता."

लेक एकेक खूण त्या बाईंना तिथल्या भाषेत सांगत गेली. बाई रांगांमधून फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या, काखेतला टाका बोटाने चाचपला आणि मला घेऊन आल्या. आतल्या खिशातून बिल्ला निघाला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

फोन अजून चालूच होता.

"मिळाला का?" मालकांनी विचारलं.

"मिळाला."

"तुला तो घालायची लाज वाटते, माहीत आहे मला. नवा घे बाळ. पण आज तिकडे थंडी आहे ना? आजचा दिवस घाल."

तिने मला अंगात चढवलं, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली आणि धावत सुटली. पाचला सात मिनिटं असताना खोलीची किल्ली तिच्या हातात पडली.

मित्रांनो, नवा कोट ती घेईल, घ्यावाच. माझी तक्रार नाही. माझं मागणं इतकंच, की घरातली जुनी वस्तू टाकायची तर टाका, पण आधी ती एकदा नीट बघून घ्या. आणि तिच्याबद्दल ज्यांना विचारायचं, ते फोन उचलतात तोवर त्यांना विचारून घ्या.