मैमुनाबींच्या पावलावरची शेकपेटी

मित्रांनो, मी एक जुनी शेकपेटी आहे. वीतभर लांब, लाकडी, तळाला जाळी. माझ्या पोटात नागदवण्याच्या वाळक्या पानांची कांडी पेटवून ठेवली, की धग जाळीतून खाली उतरते. दुखऱ्या सांध्याला ती आराम देते, असं चिनी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. एका चिनी सुताराने मला घडवलं आणि दुबईत, अल मनखूल भागात, लिनबाईंच्या दवाखान्यात मी कामाला लागले. किती पाठी, किती खांदे शेकले! उठताना लोक माझ्यावर कौतुकाने हात फिरवत.

१९९८ साली रत्नागिरीच्या मैमुनाबी गुडघा धरून आल्या. त्या मुलाकडे राहत होत्या. सोबत सून हमीदा. गुडघ्याला बरं वाटू लागलं, तेव्हा लिनबाईंनी मला त्यांच्या घरी धाडलं. "सिर्फ घुटना. और हर मिनट पूछना, गरम है?" त्यांनी हमीदाला बजावलं.

शुक्रवारी दुपारी गुडघा शेकून झाला, तशा मैमुनाबी म्हणाल्या, "आता पावलावर ठेव गो."

"अम्मी, फक्त गुडघा सांगितलाय."

"तू डॉक्टरीण कधीपासून झालीस? ठेव!"

हमीदाने ठेवलं. "गरम लागतं?"

"नाय."

"आता?"

"नाय म्हटलं ना! सोसल्याशिवाय गुण येतो होय?"

माझी जाळी तर चटका बसेल इतकी तापली होती. पण मला तोंड कुठे? नात अलिशा नाक धरून म्हणाली, "टू मच स्मोक, दादी!"

हमीदाला चैन पडेना. तिने आपलं बोट जाळीखाली पावलाला लावून धरलं, आणि किंचाळून मला उचलून सिंकमध्ये फेकलं. माझा कोपरा फुटला. पावलावर लाल चट्टा उठला होता.

"लोण्याची बोटं तुझी!" सासूबाई हसल्या.

"खरं सांगा अम्मी, पायाला काही कळतं?"

मैमुनाबी भिंतीकडे बघू लागल्या. "रमजानपासून नाय. साखरेने पाय गेला म्हटलं, तर मला गावाला धाडाल. तिथे कोण आहे माझं?"

"कुठेही धाडणार नाही. आणि हा पाय जाऊ देणार नाही. यल्ला, चला, बूट घाला. अनवाणी एक पाऊल नाही!"

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आणखी थोडं भाजलं असतं, तर मधुमेहामुळे जखम महिनोन्‌महिने भरली नसती. त्या दिवसापासून हमीदा रोज सकाळी सासूचे तळवे उजेडात धरून बघू लागली. सासू कुरकुरायची, सून ऐकायची नाही.

मी आता हमीदाच्या फ्रिजवर धूळ खात पडून आहे. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, एवढंच ऐका: आपलं माणूस "काही होत नाही" म्हणालं, म्हणून उठून जाऊ नका. धग आपल्या बोटाने बघा.